औषध धुतलं की मुरलं?

वणीच्या बाजारात ऑगस्टमधल्या एखाद्या संध्याकाळी कृषी केंद्राच्या काउंटरजवळ दहा मिनिटं उभं राहा. एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘मारलं अन् पाणी आला ना जी!’ सांगणाऱ्याचे पाय पोटऱ्यांपर्यंत काळ्या मातीनं माखलेले असतात आणि शर्टाला औषधाचा वास मारत असतो. दुपारी दोनला त्यानं शेवटचा पंप रिकामा केला, साडेतीनला आभाळ भरून आलं आणि चारला धो-धो कोसळला. आता त्याचा प्रश्न एकच : पुन्हा मारू का?

या प्रश्नाला काउंटरवर बहुधा ‘मारून घ्या’ असंच उत्तर मिळतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. दुकानदारानं शेत पाहिलेलं नसतं, पाऊस किती झाला हे त्याला ठाऊक नसतं आणि ‘नको’ म्हटल्यावर अळी वाढली तर बोल त्याच्यावर येणार असतो. ‘मारून घ्या’ म्हणणं सगळ्यांनाच सोयीचं. गैरसोय होते ती खिशाची, पिकाची आणि पाठीवर पंप घेणाऱ्याची.

पाऊस आणि फवारणी यांच्या नात्याबद्दल शास्त्राला बरंच माहीत आहे, शेतकऱ्यालाही बरंच माहीत आहे. पण दोघांच्या माहितीची गाठ ज्या घटकेला पडायला हवी, त्याच घटकेला ती पडत नाही. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा सलग मांडून पाहू.

एका मिलिमीटरचा हिशेब

१९०५ पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा होतं. त्याच्या पूर्व टोकाला, वर्धा नदीच्या अलीकडे हा तालुका. जमिनीखाली कोळसा आणि वर कापूस, सोयाबीन, तूर. जिल्ह्याच्या पश्चिमेपेक्षा इकडे पाऊस जास्त. २०२२ च्या जुलैत वर्धेच्या पुरानं इथल्या नदीकाठच्या गावांना वेढा घातला होता. अशा ठिकाणी कपाशीवरच्या बऱ्याच फवारण्या पावसाच्या तोंडावरच कराव्या लागतात.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे चार हजार लिटर पाणी पडलं. आपण सोळा लिटरचे दहा-बारा पंप मारतो, ते जास्तीत जास्त दोनशे लिटर. अंगणसुद्धा धड भिजणार नाही एवढी भुरभुर झाली, तरी ती आपल्या फवाऱ्याच्या वीसपट असते. दहा मिलिमीटरची सर म्हणजे चाळीस हजार लिटर. थेंबाचं गणित त्याहून अंगावर येणारं आहे. फवाऱ्याचा थेंब दोन दशांश मिलिमीटरचा आणि पावसाचा मध्यम थेंब दोन मिलिमीटरचा धरला, तर रुंदीत दहापट असलेला हा थेंब आकारमानात हजारपट भरतो.

या हिशेबानं पावसात औषधाचा मागमूसही राहू नये. प्रत्यक्षात तो राहतो, कारण पानावर पडलेलं औषध पाणी होऊन थांबत नाही. फवाऱ्यातलं पाणी उडून जातं आणि औषधाचा पातळ पापुद्रा मागे उरतो. त्यातला काही भाग पानावरच्या मेणात विरघळतो, काही पानाच्या आत शिरतो आणि काही वरच्यावर सैल पडून राहतो. पाऊस पहिल्यांदा या सैल भागावर हात मारतो, तोही पहिल्या काही मिलिमीटरमध्येच. मेणात मुरलेलं आणि पेशीत गेलेलं औषध त्यानंतरच्या पावसाला सहजी दाद देत नाही.

म्हणून पाऊस किती झाला हे विचारण्याआधी, फवारणी संपल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंत किती वेळ मिळाला हे विचारावं लागतं. सुकायला मिळालेला पहिला तास पुढच्या दिवसभराहून मोलाचा असतो. पान ओलं असतानाच सर आली, तर पाच मिलिमीटरही पुष्कळ होतात. सकाळी मारलेलं कडक उन्हात सुकलं आणि रात्री दहा मिलिमीटर झाला, तर अनेक औषधांचं त्यानं फारसं बिघडत नाही.

कोणतं औषध, त्यावर उत्तर

दुसरा प्रश्न औषधाच्या जातीचा. शेतकऱ्याच्या तोंडी सगळीच ‘औषधं’ असली, तरी पावसापुढे त्यांचे स्वभाव वेगळे असतात.

स्पर्शजन्य औषधं पानावरच राहतात आणि कीड त्यांच्या संपर्कात आली तरच मरते. क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस, सायपरमेथ्रिन ही त्यातली नेहमीची नावं. पावसाचा फटका याच गटाला जास्त, पण गटातही फरक आहे. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं मेणात चांगली विरघळतात, त्यामुळे एकदा सुकली की बऱ्यापैकी धरून बसतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली त्यामानानं लवकर धुतली जातात.

आंतरप्रवाही औषधं पानातून आत शिरतात आणि रसाबरोबर फिरतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड, फ्लोनिकामिड ही तुडतुडे आणि मावा यांच्यासाठीची औषधं या गटातली. आत शिरायला तीन-चार तास कोरडे मिळाले, तर पुढचा पाऊस वरचा थर नेईल, पण रस शोषणाऱ्या किडीला मारणारा आतला साठा नेणार नाही. इमामेक्टिन बेंझोएट आणि स्पिनोसॅड यांची जागा या दोन गटांच्या मधली. ती पानाच्या वरच्या पृष्ठभागातून आत झिरपतात, पण झाडभर फिरत नाहीत.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत जॉन वाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सफरचंद, द्राक्ष, ब्लूबेरी अशा फळपिकांवर कृत्रिम पाऊस पाडून याची मोजणी केली. त्यांचा ढोबळ निष्कर्ष असा : ताजी फवारणी नीट सुकली असेल आणि पाऊस अर्धा इंच, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर झाला असेल, तर बहुतेक कीटकनाशकं लगेच पुन्हा फवारावी लागत नाहीत. दोन इंच झाला, तर जवळजवळ सगळीच फवारावी लागतात. मधल्या पट्ट्यात औषधाची जात आणि फवारणीला झालेले दिवस पाहून ठरवायचं. कपाशीचं पान म्हणजे सफरचंदाचं पान नव्हे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे वणीला लावता येणार नाहीत. ते लावायची रीत मात्र घेण्यासारखी आहे. बुरशीनाशकांतल्या मॅन्कोझेबसारख्या नुसत्या वरून संरक्षण देणाऱ्या औषधांसाठी जगभर असाच अंदाज चालतो : एक इंच पावसात निम्मं गेलं समजा, दोन इंचांत सगळं.

तणनाशकांच्या बाबतीत तासांचा हिशेब जास्त स्पष्ट आहे. सोयाबीनमध्ये वापरलं जाणारं इमाझेथापायर आणि गवतवर्गीय तणांसाठीचं क्विझालोफॉप यांना साधारण एक तास पुरतो. टू-फोर-डीच्या एस्टर रूपाला तासभर लागतो, तर त्याच औषधाच्या अमाइन रूपाला सहा तासांपर्यंत. नाव एक, पण बाटलीवरच्या एका शब्दाच्या फरकानं पाच तास इकडचे तिकडे होतात. पॅराक्वाट अर्ध्या तासात पानाला इतकं चिकटतं की नंतरचा पाऊस त्याचं काही करू शकत नाही. ग्लायफोसेट मात्र सावकाश शिरतं. साध्या रूपाला चार ते सहा तास लागतात. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर निर्बंध घातले, तरी बांधाबांधांवर ते सर्रास दिसतं आणि ‘मारलं, पण तण जळालंच नाही’ ही तक्रार बहुतेकदा त्याच चार तासांत आलेल्या सरीची असते.

मोरचूद, चुना आणि चोर

पाऊस आणि औषध यांची झुंज फवारणीइतकीच जुनी आहे. १८८२ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला रस्त्यालगतच्या द्राक्षवेली निरोगी दिसल्या, तर आतल्या वेली रोगानं झडलेल्या. वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मळेवाल्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर मिश्रण शिंपडलं होतं. १८८५ मध्ये मिलार्देनं त्याची कृती प्रसिद्ध केली आणि बोर्डो मिश्रण जगभर गेलं.

या गोष्टीतली खरी गंमत चुन्याची. नुसतं मोरचूद पाण्यात चटकन विरघळतं, म्हणजे पहिल्याच पावसात वाहून जाणार, शिवाय पान जाळणार. चुना मिसळला की तांब्याचा न विरघळणारा बारीक गाळ तयार होतो आणि तो पानाला धरून बसतो. पुढे पाऊस आणि दव त्यातून थोडं-थोडं तांबं सोडत राहतात. पावसाला शत्रू न मानता त्यालाच वाटपाच्या कामाला लावण्याची ही युक्ती होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डोची शिफारस केली, तेव्हा मलनाडच्या मुसळधार पावसात ते टिकवण्यासाठी राळ आणि सोड्याची खळही त्यात घातली जात असे. आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्यात आजही मृगापूर्वी सुपारीच्या घोसांवर एक टक्का बोर्डो मारतात आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप साधून पुन्हा मारतात. काही बागायतदार घोसांना प्लास्टिकच्या पिशव्याच बांधतात. पाऊस लागूच द्यायचा नाही, हा त्यांचा सरळ तोडगा.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हीच लढाई ऑक्टोबर छाटणीनंतर होते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस लांबला, तेव्हा डाऊनी रोगाच्या धास्तीनं माणसं दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा बागेत ब्लोअर फिरवत होती. वेली ओल्या आणि ट्रॅक्टर रुतणारा, म्हणून कुणी बुरशीनाशकाच्या भुकटीची धुरळणीही केली. पण नाशिकच्या बागायतदाराजवळ ट्रॅक्टर असतो, सल्लागार असतो आणि हातात निर्यातीच्या भावाचा आधार असतो. वणीच्या कोरडवाहू कपाशीवाल्याजवळ एक पंप असतो आणि एक मजूर.

‘स्टिकर’ नावाची बाटली

पावसाळा आला की दुकानातून औषधाबरोबर एक छोटी बाटली हातात येते. तिला सगळे ‘स्टिकर’ म्हणतात. या एका शब्दात दोन वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत.

एक वस्तू पसरवणारी. सिलिकॉनयुक्त द्रावण बहुतेक या जातीचं. कपाशीच्या एका पानावर साध्या पाण्याचा थेंब ठेवा, तो मण्यासारखा फुगून बसतो. शेजारी या द्रावणाचा थेंब ठेवा, क्षणात तो नखाएवढा पसरतो आणि पान नुसतं ओलसर दिसतं. थेंब पसरला की लवकर सुकतो, जास्त जागा व्यापतो आणि आंतरप्रवाही औषध लवकर आत जातं. या अर्थानं तो पावसाविरुद्ध मदत करतो. पण तो चिकटवत नाही.

चिकटवणारी वस्तू निराळी. ती राळेची, लॅटेक्सची किंवा तशाच चिकट द्रव्याची असते. सुकल्यावर औषधावर पातळ पापुद्रा धरणं हे तिचं काम. स्पर्शजन्य औषधाला आणि बुरशीनाशकाला पावसात खरा उपयोग तिचाच. म्हणून दुकानात ‘स्टिकर द्या’ म्हणण्याऐवजी ‘हे पसरवतं की चिकटवतं?’ एवढं विचारलं, तरी निम्मं काम झालं.

पसरवणाऱ्या द्रावणाचा अतिरेकही नडतो. लिटरला अर्धा मिली पुरतं तिथे दीड घातलं, त्यात पाणीही भरपूर मारलं, की पानाच्या टोकावरून थेंब गळू लागतात. गळायला लागलं की पुढचं सगळं औषध जमिनीला. काही जण कपड्याची पावडर किंवा साबण घालतात. निंबोळी अर्कात साबण लागतोच : पाच किलो निंबोळीची भुकटी नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, दोनशे ग्रॅम साबण एक लिटरमध्ये वेगळा विरघळवायचा आणि गाळून सगळं शंभर लिटर करायचं. तिथे साबणाचं काम तेल पाण्यात मिसळण्याचं. पण सुकलेला साबण पावसात पुन्हा फेसाळतो आणि औषधालाही बरोबर घेऊन जातो. पाऊस अंगावर असताना साबण हा स्टिकर नव्हे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पान, दव आणि कोळशाची धूळ

अळवावरचं पाणी ही आपल्या भाषेतली जुनी उपमा. औषधाच्या दृष्टीनं ते पान नमुनेदार अवघड : मेणचट, थेंब टिकू न देणारं. कांदा आणि कोबी याच जातीचे. सोयाबीनचं लवदार पानही पाण्याला सहज धार्जिणं नाही, कपाशीचं मात्र त्यामानानं लवकर भिजतं. कपाशीची आणखी एक खोड आहे. तिच्या पानावरचं दव आम्लाऐवजी अल्कलीकडे झुकतं, त्यामुळे विषाणू आणि जिवाणूंपासून बनवलेली जैविक कीटकनाशकं तिथे लवकर निकामी होतात. त्यांना ऊन आणि पाऊसही मानवत नाही, म्हणून त्यांची फवारणी संध्याकाळी, उघाड बघूनच.

पाऊस पडून गेल्यावर लगेच फवारणं ही उलट्या बाजूची चूक. पान आधीच निथळत असेल, तर नव्या थेंबाला बसायला जागाच नसते. तो आधीच्या पाण्यात मिसळतो, पातळ होतो आणि दोघं मिळून ओघळतात. सकाळच्या दाट दवातही हेच होतं. पान चोळून हाताला ओल लागत नाही, तोवर थांबायचं.

वणीच्या कोळसा-रस्त्यांलगतच्या शेतांत आणखी एक अडचण आहे, जी फवारणीच्या पुस्तकांत सापडत नाही. डंपर जातात, धूळ उडते आणि कपाशीच्या पानांवर काळा थर बसतो. त्या थरावर पडलेला थेंब पानाला लागत नाही, धुळीलाच लागतो. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट तर मातीच्या कणाला चिकटून तिथेच निकामी होणारी औषधं. मग पाऊस आला की धूळही जाते आणि तिच्यावरचं औषधही. अशा शेताला फवारणीआधीची सर मात्र वरदान ठरते : पान धुतलं जातं आणि दुसऱ्या दिवशी, वाफसा झाल्यावर मारलेलं औषध खऱ्या पानावर बसतं.

पावसाला न धुता येणारी औषधं

गेल्या पंचवीस वर्षांतला कपाशीचा इतिहास या प्रश्नाच्या बाजूनं वाचला, तर वेगळाच दिसतो. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये तिचं पुढचं रूप, बोलगार्ड-दोन आलं. अळीला मारणारं प्रथिन झाडाच्या आतच तयार होऊ लागलं, म्हणजे कितीही झड लागली तरी धुतलं न जाणारं औषध मिळालं. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम चोळून यायला लागलं, तेव्हा पहिला महिनाभर रसशोषक किडींपासूनही पावसाची पर्वा न करता संरक्षण मिळू लागलं. बोंडअळीसाठी आभाळाकडे बघत फवारण्याची गरज काही वर्षं खरोखर कमी झाली.

मग गुलाबी बोंडअळीनं त्या प्रथिनाला दाद देणं सोडलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात तिनं थैमान घातलं आणि पाऊस पुन्हा हिशेबात आला. या अळीला मारायची वेळ फार थोडी असते. अंड्यातून निघाल्यावर ती लवकरच पात्यात, फुलात किंवा बोंडात शिरते. एकदा आत गेली की वरचं औषध धुतलं काय आणि राहिलं काय, तिला सारखंच. फवारणी अमावस्येच्या सुमारास साधावी, असं शेतकरी मानतात आणि सल्ल्यातही सांगितलं जातं, कारण अंधाऱ्या रात्री पतंग जास्त अंडी घालतात. पोळ्याची अमावस्या म्हणून महत्त्वाची. तारीख चंद्र ठरवतो, पण आभाळ चंद्राचं ऐकत नाही.

त्यामुळे आता लक्ष पुन्हा न धुतल्या जाणाऱ्या उपायांकडे वळतं आहे : कामगंध सापळे, नर-मादीच्या मिलनात अडथळा आणणारे गंधाचे उपाय, फरदड न घेता वेळेवर पऱ्हाटी उपटणं. यातला एकही उपाय पावसानं वाया जात नाही.

पाऊस जेव्हा आपल्या बाजूचा असतो

पाऊस फवारणीचा नेहमी वैरीच असतो, हाही समज अपुरा आहे. पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत मारायचं पेंडीमिथॅलिन हे तणनाशक जमिनीत ओल असेल तरच काम करतं. त्यानंतरची हलकी सर त्याला तणाच्या बियांपर्यंत नेते. मुसळधार झाली तर ते खाली किंवा बाहेर जातं, पण पाऊस मुळीच आला नाही तरीही ते वायाच जातं. आंतरप्रवाही औषधंही ढगाळ, दमट हवेत पानात जास्त चांगली शिरतात. कडक उन्हात थेंब सुकून त्याचे कण होतात आणि आत शिरणं तिथेच थांबतं. ‘ढग आहेत, मारू नका’ हा सल्ला म्हणून अर्धाच खरा.

शिवाय पाऊस स्वतः कीड मारतो. जोरदार सरीत मावा आणि फुलकिडे मोठ्या प्रमाणात धुऊन निघतात. ऑगस्टच्या झडीनंतर सोयाबीनमध्ये वाकून पाहिलं, तर पानांना चिकटलेल्या, आधी पांढऱ्या आणि मग हिरवट दिसणाऱ्या ताठ अळ्या सापडतात. नोमुरिया नावाच्या बुरशीनं मेलेल्या त्या अळ्या असतात. ओल्या हवेत ही बुरशी इतकी फैलावते की पान खाणाऱ्या अळ्यांचा फडशा पडतो. तरीही पुष्कळ शेतांत त्याच दिवशी पुन्हा पंप भरला जातो. ‘औषध धुतलं’ ही खात्री असते, पण कीड उरली का हे कुणी पाहिलेलं नसतं.

अंदाज, वाफसा आणि ड्रोन

मग पाऊस केव्हा येणार हे आधी कळलं तर? भारतीय हवामान विभाग मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला देतो, मेघदूत ॲपवर तो मिळतो. राज्यात महावेधची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळनिहाय पाऊस मोजतात. दुसरीकडे, देशभरातल्या १९९ जिल्हा कृषी-हवामान केंद्रांचं काम मार्च २०२४ मध्ये थांबवलं गेलं. पण फवारणाऱ्याला पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज पुरत नाही. त्याला हवेत पुढचे चार तास आणि आपला शिवार. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे तीन तासांचे अंदाज आणि तिथल्या रडारचं चित्र हेच त्यातल्या त्यात कामाचं. सकाळी पंप भरण्यापूर्वी मोबाइलवर ते एकदा उघडणं, हे स्टिकरच्या बाटलीपेक्षा स्वस्त.

सरकारी भाषेत दिवसाला अडीच मिलिमीटर झाला की ‘पावसाचा दिवस’ आणि मंडळात पासष्ट मिलिमीटर झाला की ‘अतिवृष्टी’. पंचनामा होतो तो पासष्टचा. फवारणीनंतर वीस मिनिटांत आलेल्या आठ मिलिमीटरचा पंचनामा नसतो. ते नुकसान शेतकऱ्याच्या वहीतसुद्धा वेगळं लिहिलं जात नाही. ते ‘औषधाचा खर्च’ या एकाच ओळीत जातं.

त्यातही काळ्या जमिनीची अडवणूक आहे. पाऊस थांबला म्हणून शेतात जाता येत नाही. पाय रुततो, पाठीवरचा पंप तोल घालवतो. वाफसा येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात आणि उघाड मिळते ती नेमकी त्याच दिवसांत संपते. ड्रोननं ही अडचण काही अंशी सुटते. तो चिखलात रुतत नाही आणि एकराला सुमारे दहा लिटर पाण्यातच फवारतो. एवढं कमी पाणी लवकर सुकतं. पण दाट कपाशीत पानांच्या खालच्या बाजूला, जिथे तुडतुडे आणि पांढरी माशी बसतात, तिथे ते पोचतंच असं नाही आणि वारा असेल तर शेजारच्या शेतात जातं.

दुसऱ्या पंपाची किंमत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुन्हा मारलं तर बिघडलं काय?

पहिलं म्हणजे औषध धुतलं गेलं, तरी ते नाहीसं होत नाही. ते जमिनीत उतरतं, नाल्यातून निर्गुडा नदीत आणि पुढे वर्धेत जातं. फवारणीनंतर लगेच आलेल्या मुसळधार पावसातच सगळ्यात जास्त औषध वाहतं. दुसरं म्हणजे ते पूर्ण धुतलं गेलेलं नसेल, तर झाडावर दुप्पट मात्रा बसते. मित्रकीटक मरतात आणि उरलेली कीड औषधाला सरावते.

तिसरी किंमत यवतमाळ जिल्ह्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात इथे फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. त्या हंगामाबद्दल जे पुढे आलं, ते सगळं एका दिशेला बोट दाखवत होतं : डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, दमट हवा, बारीक तुषार उडवणारे बॅटरीचे पंप, दोन-तीन औषधं एकत्र कालवणं, मास्क आणि हातमोजे नाहीत आणि दिवसामागून दिवस त्याच माणसानं केलेली फवारणी.

त्या मृत्यूंचं कारण पाऊस होता, असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण त्या यादीतल्या अनेक गोष्टी पावसाच्या धास्तीनं वाढतात. उघाड दोनच दिवसांची, म्हणून माणूस सकाळपासून अंधारापर्यंत फवारतो. औषध धुतलं अशी शंका आली, म्हणून दुसऱ्यांदा मात्रा वाढवतो. पुन्हा-पुन्हा जाणं नको म्हणून कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक एकाच पंपात ओततो. पाऊस अंगाला आणि पिकाला ओलं ठेवतो, कपडा ओला झाला की औषध कातडीवाटे जास्त जातं. गड्याला मजुरी पंपामागे असेल, तर तोही थांबत नाही. ‘पुन्हा मारू का?’ हा प्रश्न पिकाचा वाटला, तरी तो पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाचा असतो. पुष्कळदा तो माणूस काउंटरवर उभाही नसतो.

पाऊस थांबल्यावर

एवढ्या पसाऱ्यातून शेतात वापरण्याजोगं जे उरतं, ते चार प्रश्नांत मावतं. औषध वरवरचं होतं की आत शिरणारं? पाऊस येण्याआधी किती वेळ कोरडा मिळाला? पाऊस ढोबळमानानं बारा-तेरा मिलिमीटरच्या आत होता की दोन इंचांच्या वर? आणि कीड अजून आहे का? पहिल्या तिन्हींची उत्तरं घरबसल्या देता येतात. त्यासाठी बाटली फेकायची नाही, वेळ लिहून ठेवायची आणि अंगणात सरळ काठांचं एखादं भांडं ठेवून पट्टीनं पाणी मोजायचं.

चौथ्या प्रश्नासाठी मात्र शेतात जावं लागतं, तेही दोन-तीन दिवसांनी, औषधाला आणि पावसाला आपापलं काम करू देऊन. वाफसा आला की धुऱ्यावरून नव्हे, मधून तिरपं चालत वीसेक झाडं बघायची. पानामागे दोन-तीन तुडतुडे, दहा मावा किंवा दहा फुलकिडे यांच्या आतच संख्या असेल, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग अडकत नसतील, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडलेली नाही आणि दुसऱ्या पंपाची गरजही नाही. संख्या त्याच्या वर असेल, तर फवारणी करावीच लागेल. पण तेव्हा ती किडीसाठी केलेली असेल, पावसाच्या भीतीनं नव्हे.

वणीच्या त्या काउंटरवर संध्याकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच दुकानात नाही. ते शेतात, कपाशीच्या पानाच्या खालच्या बाजूला आहे. पाऊस थांबल्यावर पंप भरण्याआधी ते पान उलटून पाहायचं.